आउगुस्ट ड्रेव्हेसचा दगड आडवा होणार नाही

जर्मनीला जायचं मी ठरवलं नव्हतं. शिरवण्याजवळच्या आमच्या कारखान्यासाठी व्हॉल्व्ह तपासायचं एक यंत्र तिकडे तयार होत होतं, आणि ते जहाजात चढण्याआधी कोणीतरी जाऊन चालवून बघायचं होतं. साहेबांनी आधी दोन सीनियर लोकांना विचारलं. नोव्हेंबरची थंडी, छोटं गाव, तीन आठवडे. दोघांच्याही घरी अचानक लग्नं निघाली. मग मी उरले. मी चाचणी विभागात आहे, वर्षभर दर शनिवारी मुंबईला जाऊन जर्मन शिकले आहे, आणि माझ्या घरी लग्न नव्हतं.

सोबत फिटर म्हात्रे. मूळचे शिरवणे गावातले. आमची शेड उभी आहे त्याच्या शेजारच्या तुकड्यात त्यांच्या आजोबांची भातशेती होती. वय पंचेचाळीस, आणि तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास जेजुरी.

"मॅडम, तिकरं भात मिलंल ना?" त्यांनी तिकीट हातात आल्यावर विचारलं.

"मिळेल."

"आनि मासं?"

"नदी आहे म्हणे गावाजवळ."

"मंग चालंल."

इंटरनेटवरचं हे पान नीट दिसत असेल तर तुम्ही मराठी फाँट उतरवून घेतला आहे असं धरते. यंत्राबद्दल इथे फारसं काही मिळणार नाही. हे एका माणसाबद्दल आहे, जो मी जन्मण्याच्या बराच आधी वारला, आणि ज्याच्यासाठी मी तिकडे एक बेकायदा काम केलं.

आधी उपयोगाचं. व्हिसाला कंपनीचं पत्र आणि तिकडच्या कंपनीचं आमंत्रण, दोन्ही लागतात. एकही फॅक्सवर चालत नाही. विमान फ्रँकफर्टपर्यंत, पुढे रेल्वेने उत्तरेकडे पाच तास, दोनदा गाडी बदलून. दुसऱ्या बदलीला फक्त सात मिनिटं मिळतात, पण फलाट शेजारचाच असतो, धावू नका. म्हात्रे धावले आणि चुकीच्या डब्यात चढले. स्वेटर इथून नेऊ नका, तिथे घ्या. घणसोलीतल्या आमच्या शेजारणीने आईला दिलेला स्वेटर मसुरीला जाऊन आलेला होता, पण या थंडीपुढे तो मलमलीसारखा निघाला.

गाव नदीकाठचं, विटांच्या घरांचं. नाव लिहीत नाही. लिहायची परवानगी तिथल्या कोणी मला दिलेली नाही आणि मी मागितलेलीही नाही.

हॉटेल महाग म्हणून कंपनीने आमची सोय फ्राउ ड्रेव्हेस यांच्या घरी केली होती. फ्राउ म्हणजे बाई. वय शहात्तर, एकट्या राहतात, युद्धानंतर इंग्रजांच्या कचेरीत टायपिस्ट होत्या म्हणून इंग्रजी येतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, नाश्ता धरून रोजचे पस्तीस मार्क. दारातच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही इंजिनियर?"

"हो."

"लग्न?"

"नाही."

"मीही नाही केलं. बूट काढून आत या."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'फ्राउलाइन इंजिनियर', म्हणजे कुमारी इंजिनियर, झाले. म्हात्रेंना त्या 'हेर मात्रे' म्हणत, हेर म्हणजे श्रीयुत. म्हात्रेंनी पिशवीतून सुकट काढून त्यांच्या स्वयंपाकघरात परतली तेव्हा मी खिडकी उघडायला धावले. फ्राउ ड्रेव्हेस यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "आमच्या नदीतले ईल मासे धुरावर टांगतात तेव्हा याहून वाईट वास येतो. खिडकी लावा, उष्णता जाते."

त्याच स्वयंपाकघरात एक फोटो होता. कातडी ॲप्रन घातलेला एक रुंद माणूस बॉयलरला टेकून उभा.

"माझे वडील. आउगुस्ट. बॉयलर बनवायचे," त्या म्हणाल्या. मग पाव कापता कापता, "खासदारही होते."

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या म्हणाल्या, चला, गाव दाखवते. अशा गावात रविवारी सगळं बंद असतं, खायचं शनिवारी दुपारीच घेऊन ठेवावं लागतं. आम्ही चौकात आलो. गोल दगडांची फरसबंदी, एका बाजूला नगरपालिकेची जुनी इमारत, समोर बेकरी. चौकाच्या मधोमध त्या थांबल्या आणि बुटाच्या टाचेने एका जागी टकटक केलं.

"इथे."

पुढचं त्यांनी चालत चालत सांगितलं. मी माझ्या क्रमाने लिहिते.

आउगुस्ट ड्रेव्हेस बारा-तेराव्या वर्षी बॉयलरच्या कारखान्यात लागले. युनियनमध्ये गेले, तिथून समाजवादी लोकशाहीवाद्यांच्या पक्षात, तिथून संसदेत. १९३३ च्या मार्चमध्ये संसदेपुढे एक विधेयक आलं. त्याचा अर्थ इतकाच होता की यापुढे कायदे सरकारच करेल, संसदेने मध्ये पडू नये. कम्युनिस्टांना आधीच बाहेर ठेवलं होतं. हजर असलेल्यांत विरोधात मत देणारा हा एकच पक्ष राहिला, आणि त्यातलेही काही जण तोवर तुरुंगात होते किंवा देशाबाहेर पळालेले. आउगुस्ट घरातून निघाले तेव्हा बायकोने लोकरीचे दोन बनियन बांधून दिले. मत दिल्यावर सभागृहातून थेट कोठडीत नेतील अशी शक्यता होती. तपकिरी गणवेशवाल्यांच्या दोन रांगांमधून, शिव्या ऐकत ते आत गेले. विरोधात मत दिलं. बनियन न वापरता परत आणले.

"पळून का गेले नाहीत?" मी विचारलं.

"कारखान्यात एक बॉयलर अर्धा झाला होता." फ्राउ ड्रेव्हेस यांचा चेहरा हलला नाही. हा विनोद होता का, मला अजून माहीत नाही.

उन्हाळ्यात त्यांच्या पक्षावर बंदी आली. एका बाजाराच्या दिवशी नाझी टोळीने त्यांना या चौकात गाठलं आणि पालथं झोपायला सांगितलं. ते झोपले नाहीत. चौघांनी मिळून पाडलं. ते उठले. पुन्हा पाडलं, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा एकाने पाठीवर बूट ठेवला आणि काढलाच नाही. त्यांची बारा वर्षांची मुलगी समोरच्या बेकरीत रांगेत उभी होती.

"लोक काय करत होते?"

"पाव घेत होते. रांग मोडली नाही कोणी." त्यांनी बेकरीकडे पाहिलंही नाही. "घरी आल्यावर वडील मला म्हणाले, मी झोपलो नाही, मला पाडलं. कोणी विचारलं तर हे नीट सांग."

मग वर्षाहून जास्त छळछावणीत. सुटून आल्यावर कोणी काम देईना, म्हणून सायकलवर दारोदार साबण आणि कॉफी विकली. युद्धाच्या शेवटी हुकूमशहावर हल्ला झाला तेव्हा जुन्या विरोधकांची धरपकड झाली, त्यात पुन्हा आत. तिथूनही जिवंत परतले. इंग्रज आले, त्यांनी नगराध्यक्ष केलं, पुढे लोकांनीही निवडून दिलं. ज्यांनी पाव घेतला होता त्यांच्यासाठी त्यांनी गटारं आणि शाळा बांधल्या. पन्नासच्या दशकाच्या शेवटी वारले.

दफनभूमी गावाबाहेर, चालत वीस मिनिटं. कबरीवर वालुकाश्माचा दगड, माझ्या कमरेहून जरा उंच, वीतभरही जाड नाही. त्यावर नाव, दोन सालं, आणि खाली एकच जर्मन शब्द, त्याचा अर्थ बॉयलर कारागीर.

"खासदार नाही लिहिलं? नगराध्यक्ष?"

"ती पदं लोक काढून घेऊ शकतात."

आणि मग आम्हाला तिघांनाही तो दिसला. दगडाच्या माथ्यावर पिवळा स्टिकर. 'दगड सैल. अपघाताचा धोका.'

इथे एक पद्धत सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती नाही. तिकडे दफनभूमीचे कर्मचारी वर्षातून एकदा प्रत्येक दगडाला हाताने किंवा उपकरणाने ठराविक जोर लावून ढकलतात. हलला तर स्टिकर. मग नातेवाइकांनी परवानाधारक पाथरवटाकडून तो बसवून घ्यायचा. तोवर दगड उचलून कबरीवर आडवा झोपवतात, कोणाच्या अंगावर पडू नये म्हणून. एक चाचणी इंजिनियर म्हणून मला ही पद्धत मनापासून आवडली. आजही आवडते.

फ्राउ ड्रेव्हेस यांनी चष्मा लावून स्टिकर वाचला. त्यावर तारीख होती. येत्या शुक्रवारी दगड झोपवणार होते. त्याच्या पुढचा रविवार म्हणजे तिकडचा मृतांचा रविवार. त्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत येतं, कबरींवर देवदारच्या फांद्या घालतं, एकमेकांच्या कबरी बघत फिरतं.

"सगळं गाव येणार," त्या म्हणाल्या. "आणि ते आडवे पडलेले असणार. पुन्हा." मग चष्मा काढून, "नाही."

सोमवारी कामावर आम्हाला कळलं की यंत्राचा एक सेन्सर दुसऱ्या गावाहून यायचा आहे, शुक्रवारशिवाय येत नाही. म्हणजे मधले दिवस मोकळे. दुपारी मी फ्राउ ड्रेव्हेस यांच्याबरोबर नगरपालिकेच्या दफनभूमी कचेरीत गेले. तिथला अधिकारी माझ्याच वयाचा, नम्र, स्वच्छ टेबलाचा. पाथरवट डिसेंबरपर्यंत मोकळा नाही, त्याने सांगितलं. मृतांच्या रविवारआधी सगळ्यांनाच कामं हवी असतात. आणि तो आला तरी दगड उतरवूनच बसवणार.

"दोन आठवडे आडवा राहील, फ्राउ ड्रेव्हेस. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"तरुण माणसा, हे वाक्य मी तुमच्या जन्माआधी ऐकलंय. याच इमारतीत."

तो लाल झाला. "दोन्ही गोष्टी एक नाहीत."

"नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी तुमच्याशी बोलतेय."

बाहेर आल्यावर त्यांनी मला पायरीवर थांबवलं. "तुम्ही चाचण्या करता. कंपनीच्या कागदावर लिहून द्या की दगड घट्ट आहे."

"आधी बघते."

मंगळवारी कारखान्यातून जोर मोजायचा स्प्रिंग बॅलन्स आणि हालचाल मोजायचं डायल गेज मागून आणलं. म्हात्रेंनी पट्टा लावून दगडाचा माथा सावकाश ओढला, मी काटा वाचत राहिले. नियमातला जोर पन्नास किलोचा. तीसलाच माथा सरकला.

"किती?" फ्राउ ड्रेव्हेस.

"चार मिलिमीटर."

"चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही."

"चार मिलिमीटर म्हणजे खालचा सांधा गेलाय. आतल्या सळ्या धरून आहेत, पण सिमेंटचा माल भुसा झालाय. घट्ट आहे असं मी लिहिणार नाही."

त्या घरापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवताना कोबीचं सूप वाढलं, माझ्या वाटीत जरा कमी. म्हात्रे एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "लिवलं असतं दोन वली तं काय झालं असतं? म्हातारीचं मन ऱ्हायलं असतं."

"आणि दगड कोणाच्या पोरावर पडला असता तर?"

"त्ये पन हाय."

सूप संपल्यावर फ्राउ ड्रेव्हेस म्हणाल्या, "वडलांनी बॉयलर नापास केला की मालकही असाच गप्प बसायचा. तीन दिवस." मग, "मी एका दिवसात संपवते. आता काय करायचं ते सांगा."

मी सांगितलं. दगड उतरवायची गरज नाही. दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू द्यायचे, पाचर मारून दगड केसभर उचलायचा, जुना माल खरवडून काढायचा, नवा ठासून भरायचा. उभ्या उभ्या. काम अवघड नाही, फक्त परवानाधारक माणसाने करायचं असतं आणि मी परवानाधारक नाही.

"पकडलं तर?" त्यांनी विचारलं.

"मी माझं नाव सांगेन."

म्हात्रे उठलेच. "आरवा नाय करायचा ना? मंग नाय करायचा. लाकरं मी आनतो. खोक्याची परलीत तिकरं."

बुधवारी सकाळी दहाला सुरुवात केली. दिवसाढवळ्या, मुद्दाम. लपून करायचं नाही ही फ्राउ ड्रेव्हेस यांची एकमेव अट होती. सिमेंट आणि बारीक वाळू गावाबाहेरच्या मोठ्या सामानाच्या दुकानातून आणली. म्हात्रेंनी पॅकिंगच्या फळ्यांचे टेकू इतके सुबक बसवले की दगडाला चौकट घातल्यासारखं दिसू लागलं. पाचर मारली, दगड उचलला गेला, मी गुडघ्यावर बसून सांधा खरवडला. आत भुसाच होता. शेजारच्या कबरीवर फांद्या घालणाऱ्या दोन बायका हात थांबवून बघत होत्या.

"कोण हे लोक?" एकीने विचारलं.

"भारतातून आलेत," फ्राउ ड्रेव्हेस मोठ्याने म्हणाल्या. "आउगुस्टसाठी."

हे खरं नव्हतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

दुपारी एकपर्यंत माल भरून झाला. आणि मग मी ती चूक केली जी नेरुळपासून कळंबोलीपर्यंतचा कोणीही माणूस करेल. आमच्याकडे एकेक सेक्टर ओल्या गोणपाटाखाली उभा राहिलाय. सिमेंट म्हटलं की पाणी मारायचं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मी म्हात्रेंना पाणी आणायला सांगितलं. दफनभूमीचा नळ थंडीमुळे बंद केलेला होता, म्हणून ते घरी जाऊन दोन बादल्या घेऊन आले. मी पोतं भिजवलं आणि सांध्याभोवती गुंडाळायला लागले.

"पाणी नको!" फ्राउ ड्रेव्हेस अशा ओरडल्या की त्या दोन बायकाही वळल्या. "अंधार पडला की शून्याखाली जातं! गोठेल, फुगेल, सगळं फोडून टाकेल! तुमच्याकडे काय, सिमेंटला आंघोळ घालतात?"

"हो," मी म्हटलं. "सात दिवस."

त्या हसू लागल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. म्हात्रेही हसले. मी पोतं सोडलं. चूक माझी होती. मी कागदावर जोर, वजन, टेकूचा कोन सगळं काढलं होतं, आणि तापमान लिहायची जागाच ठेवली नव्हती, कारण जिथे मी वाढले तिथे ती लागत नाही.

मग उलटं केलं. कोरड्या चादरी, त्यावर रजई, आत रबरी गरम पाण्याच्या पिशव्या. दगडाला ताप आल्यासारखं दिसत होतं. पिशव्या बदलायच्या पाळ्या ठरल्या.

गुरुवारची दिवसभराची पाळी म्हात्रेंनी घेतली आणि आम्हा दोघींना बाहेर काढलं. त्यामुळे मला ती छावणी बघता आली. जाणार असाल तर: गावाहून रेल्वेने दीड तास, पुढे बस. परतीची शेवटची बस चार दहाची, ती चुकली तर टॅक्सीशिवाय मार्ग नाही. बघायला काय आहे? सपाट दलदलीचा प्रदेश, भूर्जाची पांढरी झाडं, काळं पाणी. छावणीच्या जागी आता शेत आहे, कडेला एक छोटी पाटी. आउगुस्ट इथे फावड्याने पीट खणत, म्हणजे जळणासाठी वाळवतात ती दलदलीतली काळी माती. सकाळी पाण्यात उभं राहायचं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहायचं.

फ्राउ ड्रेव्हेस यांनी पाटीसमोरच्या बाकावर पांढरा टेबलक्लॉथ अंथरला. चिनी मातीच्या बश्या काढल्या. पाव, चीज, उकडलेली अंडी, सफरचंदाचा केक, थर्मासमध्ये कॉफी. बोचरा वारा होता.

"दरवर्षी येते," त्या म्हणाल्या. "इथे येऊन पोटभर जेवते. तुम्हीही जेवा. काही शिल्लक ठेवायचं नाही."

मी एरवी दोन अंडी खात नाही. त्या दिवशी खाल्ली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, गावाचा राग येत नाही का. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "येतो. म्हणूनच मी गाव सोडलं नाही. त्यांना रोज मला बघावं लागू दे."

शुक्रवारी मी आणि म्हात्रे यंत्रावर जाण्याआधी दफनभूमीत गेलो. फ्राउ ड्रेव्हेस दगडाशेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेल्या होत्या, फरची टोपी घालून. नऊला तो अधिकारी आला. बरोबर दोन कामगार आणि एक हातगाडी. त्याने टेकू, रजई, पिशव्या एकेक करून पाहिल्या.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"तुमच्याकडे परवाना आहे?"

"नाही."

"मग हे बेकायदा आहे."

"हो. सांधा पुन्हा भरलाय. थंडीमुळे माल हळू धरतोय, आज टेकू काढता येणार नाहीत. रविवारी सकाळी काढेन. तेव्हा तुम्ही या आणि तुमच्या उपकरणाने ढकला. हलला तर मी स्वतः झोपवायला मदत करेन."

"आणि तोवर?"

"तोवर तो टेकूंवर आहे. तो कोणाच्या अंगावर पडू शकत नाही. ढकलून बघा."

त्याने ढकललं. पूर्ण वजन टाकून. टेकू कुरकुरले, दगड जागचा हलला नाही. कामगारांपैकी एकाने हातगाडीची मूठ सोडून हात खिशात घातले.

"फ्राउ ड्रेव्हेस," अधिकारी म्हणाला, "कृपा करून उठा."

"माझ्या वडलांना तुमच्या नगरपालिकेसमोर झोपायला सांगितलं होतं, ते झोपले नाहीत. मला तुम्ही उठायला सांगताय, मी उठणार नाही. तुम्हाला चौघं लागतील. तुम्ही तिघंच आलात."

म्हात्रेंना जर्मन कळत नाही, पण ते सरकून खुर्चीमागे उभे राहिले.  अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं, पण ते वेळ बघण्यासाठी नसावं.

"रविवार, आठ वाजता," तो म्हणाला. "लोक यायच्या आधी. आणि हे मी लिहून वर पाठवणार आहे. तुमच्या कंपनीलाही."

"पाठवा. नाव लिहून घ्या." मी त्याला स्पेलिंग सांगितलं. जाधव, जे वरून.

रविवारी तो सात मिनिटं आधी आला, पण तिथे आम्ही एकटे नव्हतो. त्या दोन बायका आल्या होत्या, त्यांचे नवरे आले होते, बेकरीचा म्हातारा मालक आला होता. लोक यायच्या आधीची वेळ लोकांना कळली होती. फ्राउ ड्रेव्हेस यांनी शनिवारी पाव घेताना सांगितलं होतं, आणि म्हणे मोठ्याने.

म्हात्रेंनी पाचरी काढल्या. एक, दुसरी, मग टेकू. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात भीती होती, ती लिहायला हवी. शुक्रवार-शनिवारच्या थंडीत माल किती धरला असेल याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दगड पुन्हा हलला तर गावासमोर तो आडवा होणार होता, आणि तो मी आडवा करणार होते, कारण तसं मी बोलले होते.

अधिकाऱ्याने उपकरण माथ्याला लावलं आणि ढकलायला सुरुवात केली. मी काटा बघत होते, बाकी सगळे दगड. तीस. चाळीस. पन्नास. तो तिथे थांबायला मोकळा होता. त्याने साठपर्यंत नेला. मग दुसऱ्या बाजूने.

"उभा आहे," तो म्हणाला.

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बेकरीवाल्याने टोपी काढली. तो पुढे आला, हातातली फांदी कबरीवर ठेवायला वाकला. फ्राउ ड्रेव्हेस यांनी हात आडवा केला.

"तुम्ही त्या दिवशी दुकानात होता."

"मी नऊ वर्षांचा होतो, ग्रेटा."

"मी बारा."

तो फांदी धरून तसाच वाकलेला राहिला. मला वाटलं त्या त्याला परत पाठवतील. त्यांनी हात काढला, पण त्याने फांदी ठेवल्यावर ती उचलून एक वीत डावीकडे, आपल्या मनाप्रमाणे ठेवली.

अधिकाऱ्याने स्टिकर काढला नाही. काम बेकायदा आहे, पाथरवटाने पाहिल्याशिवाय तो निघणार नाही. "राहू दे," फ्राउ ड्रेव्हेस म्हणाल्या. "पिवळा रंग त्यांना आवडायचा." दिवसभर सगळं गाव तिथून गेलं. बऱ्याच जणांनी दगडाला हात लावून पाहिला. मी मोजले नाहीत.

उरलेले दिवस यंत्राचे. ते दोन चाचण्यांत नापास आणि तिसरीत पास झालं. परतीला सामान वाढतं, वजनाचा हिशेब आधीच करा. म्हात्रेंनी चार किलो चीज घेतलं आणि फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यातलं एक किलो उभ्याने खाल्लं. निघताना फ्राउ ड्रेव्हेस यांनी माझ्याशी हात मिळवला. मिठी वगैरे नाही. आम्हा दोघींनाही ते बरं पडलं.

घणसोलीत परत आले तेव्हा आईने विचारलं काय काय पाहिलं. एक कबर, एक दलदल आणि एक बेकरी, मी म्हटलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि सगळं सांगायला लावलं, पहिल्यापासून. आउगुस्टना तिसऱ्यांदा पाडलं तिथे त्यांनी मला थांबवलं आणि ते पुन्हा सांगायला लावलं. आमच्या घरात, कोणाला कुठे उभं राहू दिलं नाही, या गोष्टी फार समजावून सांगाव्या लागत नाहीत.

अधिकाऱ्याचं पत्र कंपनीत माझ्या आधी पोहोचलं होतं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"जाधव, तिकडे जाऊन कबर रिपेअर केलीस? काय गरज होती? पार्टीसमोर आपलं इम्प्रेशन काय राहिलं?"

"दगड सैल होता, सर."

"दोन ओळी लिहून दे. सॉरी म्हण, विषय संपला. पुढच्या वर्षी दुसरं मशीन येतंय, तुलाच पाठवतो. टेन्शन घेऊ नकोस."

"काम चुकलं असं लिहिलंय का त्यांनी?"

त्यांनी पत्र पुन्हा पाहिलं. "नाही. परवानगी नव्हती असं लिहिलंय."

"ते खरं आहे. परवानगी नव्हती हे मी लिहून देते."

"आणि सॉरी?"

"ते नाही, सर."

त्यांनी समजावलं, चिडले, मग चहा मागवला आणि पुन्हा समजावलं. मी चहा प्यायले. परवानगी नव्हती, एवढी एक ओळ टाइप करून सही करून दिली. माफीशिवाय ती कागदावर फार लहान दिसत होती, पण मला तीच योग्य वाटली.

दुसरं मशीन बघायला सीनियरांपैकी एक जाणार आहेत, असं गेल्या आठवड्यात कळलं. लग्नं उरकली असावीत. वाईट वाटलं, ते लपवत नाही. त्या रेल्वेतून, त्या सपाट मुलखातून मला पुन्हा जायचं होतं. पण त्या दिवशी सॉरी लिहिलं असतं तर मी ज्या दगडाखाली तीन तास गुडघे टेकून बसले, त्याच्यावर माझ्याच हाताने पिवळा स्टिकर लावल्यासारखं झालं असतं. मला काय मिळालं असं कोणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला एक फोटोसुद्धा नाही, त्या दिवसांत कॅमेरा घरीच राहिला होता. एवढंच सांगू शकते की उत्तर जर्मनीत एका कबरीवरचा दगड साठ किलोच्या जोरालाही हलत नाही, आणि तो मी बसवलाय.

हे पान आमच्या ऑफिसात काही जण वाचतात. साहेबही वाचतील. वाचू देत.